स्नायूंची दुरुस्ती म्हणजे हौस नव्हे

बाळ दोन वर्षांचे झाले तरी ‘पुन्हा गोड बातमी का?’ हा प्रश्न ऐकावा लागणाऱ्या आया घरोघरी आहेत. वजन उतरलेले, हातपाय सडपातळ. पोट मात्र पाचवा महिना असल्यासारखे पुढे. घरातली मोठी माणसे म्हणतात, बाळंतपणात पोट नीट बांधले नाही. शेजारीण सांगते, रोज पोटाचे व्यायाम कर. दोष शेवटी त्या बाईच्याच माथी.

खरे कारण बहुतेक वेळा चरबीच्या खाली असते. बरगड्यांपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू शेजारी शेजारी उतरतात आणि मधला तंतुमय पट्टा त्यांना जोडून ठेवतो. गर्भ वाढताना हा पट्टा ताणून रुंद होतो. डॉक्टर त्याला ‘डायस्टॅसिस रेक्टाय’ म्हणतात. तपासणी साधी आहे. बाईने उताणे झोपून गुडघे दुमडायचे आणि डोके-खांदे किंचित उचलायचे. बेंबीच्या वरच्या बाजूला मधोमध उंचवटा उभा राहतो आणि दोन स्नायूंच्या फटीत तपासणाऱ्याची दोन, तीन, कधी चार बोटे मावतात.

हा प्रकार दुर्मीळ नाही. नॉर्वेत पहिलटकरणींच्या एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के स्त्रियांत ही फट आढळली आणि वर्षभरानंतरही जवळपास 33 टक्के स्त्रियांत ती कायम होती. याच अभ्यासाने एक सावधगिरीही शिकवली: फट असलेल्या स्त्रियांत कंबरदुखी इतरांपेक्षा जास्त आढळली नाही. त्यामुळे फट दिसली की ऑपरेशन, हे समीकरण चुकीचे आहे. बऱ्याच जणींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालचा व्यायाम पुरतो. प्रश्न उरतो तो रुंद फट आणि त्रास दोन्ही असलेल्या, आणि व्यायामाने गुण न आलेल्या स्त्रियांचा.

त्यांच्यासाठी ‘टमी टक’ या पोटाच्या ऑपरेशनमधला स्नायूदुरुस्तीचा भाग महत्त्वाचा. ओटीपोटाच्या खाली आडवा छेद घेऊन त्वचा आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सुटा करतात. बेंबी तिच्या देठासकट जागेवर राहते. मग सैल पडलेल्या पट्ट्याला आत चुणी घालून वरपासून खालपर्यंत पक्के टाके घालतात आणि दुरावलेले स्नायू पुन्हा शेजारी येतात. जादा त्वचा त्यानंतर काढली जाते. हे मोठे ऑपरेशन आहे. जखमेत पाणी साठणे, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी होणे असे धोके त्यात आहेत. पहिले काही दिवस वाकून चालावे लागते, कित्येक आठवडे पट्टा बांधावा लागतो आणि जड उचलता येत नाही. पुढच्या गरोदरपणात टाके ताणले जाऊ शकतात, म्हणून मुले पुरे झाल्यावरच हे ऑपरेशन करावे.

फायदा काय? ऑस्ट्रेलियातील नऊ केंद्रांमधल्या 214 स्त्रियांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. दुरुस्तीनंतर सहा महिन्यांनी त्यांची कंबरदुखी आणि लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास लक्षणीय घटला होता. तुलनेसाठी ऑपरेशन न झालेला गट नव्हता, ही त्या पाहणीची मर्यादा. तरीही ऑस्ट्रेलियाने धोरण बदलले. 2016 मध्ये सरकारी मेडिकेअर योजनेने बाळंतपणानंतरच्या या ऑपरेशनची मदत थांबवली होती. जुलै 2022 पासून ती अटींवर पुन्हा सुरू झाली. फट किमान तीन सेंटिमीटर असल्याचे इमेजिंग हवे, त्रासाची लेखी नोंद हवी, फिजिओथेरपीने फरक पडलेला नसावा, मागच्या 12 महिन्यांत गरोदरपण नसावे आणि ही मदत आयुष्यात एकदाच.

आपल्याकडे मात्र आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांत सौंदर्य किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. सूट आहे ती अपघात, भाजणे, कर्करोग किंवा प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तर. जीएसटीतही आरोग्यसेवेला माफी आहे. प्लास्टिक सर्जरीला ती मिळते फक्त जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा किंवा आघात यांनी बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करायचे असेल तेव्हा. बाळंतपणाने झालेल्या बिघाडाचा उल्लेख दोन्ही यादींत नाही. मूल जन्माला घालताना फाकलेली पोटाची भिंत आणि हौसेने बदललेला नाकाचा आकार नियमांच्या लेखी एकाच खणात!

हे अन्याय्य आहे. कुणाच्याही सुबक कमरेचा खर्च विम्याने उचलावा, अशी मागणी नाही. विमा नियामकाने ऑस्ट्रेलियासारखेच मोजता येणारे निकष ठरवावेत आणि त्यात बसणाऱ्या दुरुस्तीला उपचार मानावे. जीएसटी परिषदेने माफीच्या यादीत बाळंतपणाने झालेल्या इजेचा स्पष्ट समावेश करावा. तोवर निदान एवढे तरी व्हावे: प्रसूतीनंतरच्या तपासणीत टाके आणि रक्तदाब पाहताना डॉक्टरांनी बेंबीच्या वर दोन बोटे ठेवून ही फटही तपासावी, आणि गरज असेल तिला वेळेत फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. त्याला ना नवे यंत्र लागते, ना वेगळा निधी.