गंगापूर रोड म्हणजे ट्रॅक नाही, आणि जुना ‘रेसिंग’ टायर म्हणजे स्वस्त टायर नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घरात विशीतलं पोरगं आणि दारात दोनशे-चारशे सीसीची गाडी असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा, कारण गंगापूर रोडवरून आपण सगळेच ये-जा करतो.

रात्री अकरानंतर जेहान सर्कलला पाच मिनिटं उभे राहा. आनंदवल्ली, सोमेश्वरच्या दिशेनं सायलेन्सर बदललेल्या गाड्या कशा सुटतात ते दिसेल. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आपण लिहितो, ‘या पोरांना फटके द्या.’ मीही लिहिलंय. पण गेल्या पंधरवड्यात एक प्रसंग घडला आणि वाटलं, फटके मिळायला हवेत अशी यादी बरीच मोठी आहे. त्यात माझंही नाव आहे.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेकंडहँड ३९० घेतलीय, निम्मे पैसे त्याचे, निम्मे बहिणीचे. परवा घरी आला आणि म्हणाला, “मामा, पुढच्या महिन्यात आम्ही चौघं कोईमतूरला ट्रॅक डेला चाललोय. टेम्पोत गाड्या टाकून नेणार. तू फक्त आईला समजाव. आणि टायर घ्यायला माझ्याबरोबर चल, बजेट कमी आहे.”

आधी मी नेहमीचंच बोललो. शिक्षण, नोकरी, हे कसले चोचले. मग तो म्हणाला, “म्हणजे मी गंगापूर रोडवरच चालवू का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेलो टायर बघायला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा एका दुकानाचा प्रश्न नाही. नव्या जोडीचा भाव साडेअकरा-बारा हजार सांगितला. पोराचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून एक जोडी आली. परदेशी कंपनी, मागचा टायर मूळ मापापेक्षा रुंद, वर पॉलिश मारलेलं. सहा हजार. “साहेब, रेसिंग कंपाउंड आहे. नख लावून बघा, रुततंय अजून. आणि ट्रॅकवर नक्षी लागतेच कुठं?”

भाचा खूश. मी चष्मा लावून टायरच्या कडेचा मजकूर वाचला. शेवटचे चार आकडे होते १४१८. म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. पोरगं दहावीलाही नव्हतं तेव्हा तो टायर बनला. कुणाच्या तरी मोठ्या गाडीवर झिजला, उतरवला गेला, कुठल्या तरी गोडाऊनमध्ये पडला आणि आता आमच्या पोराच्या पहिल्या ट्रॅक डेसाठी ‘परवडणारा’ म्हणून पुढे आला.

ही फसवणूक नाही तर काय आहे? आणि ती खपते, कारण त्यात अर्धं खरं आहे. कोरड्या ट्रॅकवर नक्षीची गरज फारशी नसते, हे खरंच. शर्यतीचे स्लिक टायर गुळगुळीत असतात, हेही खरं. पण स्लिक टायर गुळगुळीत बनवलेला असतो, झिजून गुळगुळीत झालेला नसतो. त्याचं रबर मऊ असतं आणि ते नीट तापलं तरच चिकटतं. म्हणून रेसवाले गाडी ट्रॅकवर काढण्याआधी टायरला तापवायची ब्लँकेट गुंडाळतात. पहिल्यांदा जाणारा पोरगा ती ब्लँकेट कुठून आणणार? तो दबकत दबकत चालवणार, टायर गार राहणार आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गाडी खाली. शिवाय असा टायर जितक्या वेळा तापून गार होतो, तितका कडक होत जातो. दुसऱ्यानं वापरून उतरवलेल्या रेस टायरमध्ये नाव तेवढं रेसचं राहतं, पकड गेलेली असते.

रुंद टायरचं खूळ तर आपल्याकडं विचारूच नका. ‘मागून गाडी भारी दिसते.’ अरे, रिमची रुंदी ठरलेली आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत आवळल्या जातात, गोलाई बिघडते, गाडी वळायला जड होते. कधी चेन घासते, कधी स्विंगआर्म. फोटोत भारी दिसणारी गाडी वळणावर गोंधळते.

मी काही रेसर नाही, पत्रकार आहे. पण त्या दिवसापासून दोन मेकॅनिकना, ट्रॅकवर जाऊन आलेल्या तिघांना पिडलं, गाडीचं मॅन्युअल वाचलं. त्यातून जे हाती आलं ते इथं मांडतो. पहिल्या ट्रॅक डेसाठी कमी पैशात टायर घ्यायचा असेल तर:

१) मूळ मापाचाच घ्या. ३९० ला पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही सतरा इंची, तर तेच. तुमच्या गाडीचं माप मॅन्युअलमध्ये असतं.

२) नवा घ्या, चांगला रोड-स्पोर्ट टायर घ्या. तो लवकर तापतो, घसरायच्या आधी थोडी सूचना देतो आणि घरी येताना पाऊस लागला तरी चालतो. एमआरएफ, सिएट, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप, चारही कंपन्या सतरा इंचात स्पोर्ट टायर करतात. सिएटचा तर कारखानाच आपल्या सातपूरला आहे. टायर बनवणाऱ्या गावात पोरं परदेशी भंगार शोधत फिरतात, याला काय म्हणायचं? गेल्या वर्षी २२ सप्टेंबरपासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ‘नवा परवडत नाही’ म्हणण्याआधी आजचा भाव विचारा आणि पक्कं बिल घ्या.

३) तारीख वाचा. शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दुकानदार ‘त्यानं काय फरक पडतो’ म्हणाला, तर दुकान बदला.

४) वेगाचं अक्षर बघा. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०. मॅन्युअलमध्ये असेल त्याच्या खाली जाऊ नका. वर गेलंच पाहिजे असंही नाही.

५) जोडीनं बदला. पुढे एक जात, मागे दुसरी, एक रेडियल, एक साधा, असे प्रयोग कंपनीनं सांगितल्याशिवाय नकोत.

६) आदल्या दिवशी टायर बसवून जाऊ नका. नवा टायर निसरडा असतो. निदान शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवून मग ट्रॅकवर न्या.

७) हवा गार टायरमध्ये मोजा, स्वतःच्या गेजनं. पंपावरच्या मशीनवर भरवसा नको. टायर तापला की हवेचा दाब वाढतो, म्हणून ट्रॅकवर किती ठेवायचा ते तिथल्या प्रशिक्षकाला विचारा. परत निघताना पुन्हा मॅन्युअलप्रमाणे भरा. गेज काही शेकड्यांत मिळतं आणि त्याचा फायदा महागड्या टायरपेक्षा कमी नाही.

८) सध्याचे टायर वर्ष-दीड वर्षाचे, नीट गोल, न चिरलेले असतील तर टायर घेऊच नका! ते पैसे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि चेनवर घाला. पहिल्या दिवशी तुम्ही टायरच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही, स्वतःच्या मर्यादेपर्यंतच पोचता.

शिवाय एक गोष्ट कुणी सांगत नाही. गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी पडली तर खर्च आपला. हे धरूनच बजेट करा.

आता माझं नाव फटक्यांच्या यादीत का, ते सांगतो.

वीसेक वर्षं बातम्या लिहितोय. ‘भरधाव दुचाकी घसरून तरुण जखमी.’ हे वाक्य किती वेळा लिहिलं, मोजदाद नाही. एकदा अशाच बातमीनंतर दुसऱ्या कामासाठी पोलिस ठाण्यात गेलो होतो. आवारात ती गाडी उभी होती. मागचा टायर मधोमध सपाट झालेला, कडेला चिरा. नियम सांगतो की दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नको. तिथं नक्षी शोधावी लागत होती. मी बघितलं, चहा घेतला, निघून आलो. एक ओळसुद्धा लिहिली नाही. ‘भरधाव’ लिहिलं की आमचं काम संपतं. वेग होताच, नाही म्हणत नाही. पण तो टायर त्या पोराला कुणी विकला, कुणी बसवला, घरच्यांनी कधी बघितला का, हे प्रश्न मी विचारले नाहीत. पंचनाम्यातही टायर जेमतेम एका शब्दात उरकलेला असतो.

आता पोरांनो, तुम्हालाही. रस्त्यावर शर्यत हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पालकांनो, गाडी अठराच्या आतल्या मुलाच्या हातात असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-अ तुमच्यासाठी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. ‘मला माहीत नव्हतं’ हे आपोआप चालत नाही, ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं. गंगापूर रोडवर कॉलेजं आहेत, क्लास आहेत, पहाटे फिरायला जाणारे आजी-आजोबा आहेत. रस्त्याच्या कडेला, काही ठिकाणी तर थेट रस्त्यात आलेली झाडं आहेत. तिथं कुणी तुम्हाला पिवळा झेंडा दाखवत नाही.

पण कायदा सांगून झाल्यावर प्रश्न उरतोच: मग जायचं कुठं?

कोईमतूरचा करी, चेन्नईजवळचा मद्रास सर्किट, ग्रेटर नोएडाचा बुद्ध. तिन्ही नाशिकपासून हजार किलोमीटरच्या पलीकडे. इंदूरजवळ पिथमपूरला केंद्र सरकारचा नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, २०२१ ला सुरू झाला, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. कोल्हापूरनं मोहितेंच्या ट्रॅकवर गो-कार्टिंगची परंपरा जोपासली. पुण्याजवळ मावळात नानोलीला ट्रॅक उभा राहिला. लोणावळ्याकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या. आणि नाशिक? सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या इथं झाल्या, पब्लिक तुफान जमलं. गाड्यांचे कारखाने इथं, टायरचा कारखाना इथं, सुट्या भागांच्या शेकडो वर्कशॉप इथं. पण एका पोराला सुरक्षितपणे जोरात ब्रेक मारायला शिकायचं असेल तर दोनशे मीटरची बंद जागा नाही.

लगेच कमेंट येईल, ‘ट्रॅकवर जाऊन आली की पोरं रस्त्यावर जास्त माजतील.’ मलाही आधी असंच वाटायचं. पण ट्रॅकवर काय होतं ते ऐका. सकाळी गाडीची तपासणी, टायर खराब दिसला तर आत सोडत नाहीत. अंगावर लेदर सूट, ग्लोव्हज, बूट, पूर्ण हेल्मेट. झेंड्यांचे अर्थ पाठ करून घेतात. चुकीचं ओव्हरटेक केलं तर बाहेर काढतात, बापाची ओळख चालत नाही. आपल्या शहरात यातली एक तरी गोष्ट रस्त्यावर होते का? जाऊन आलेल्या तिघांनी मला एकच सांगितलं, “आपल्याला चालवता येत नाही, हे तिथं गेल्यावर कळतं.” हे विसाव्या वर्षी कळणं सोन्याच्या मोलाचं आहे.

सिंहस्थ जवळ आलाय. रस्ते रुंद होतील, गुळगुळीत होतील. होऊ द्या. पण रात्री बारानंतर त्या गुळगुळीत रस्त्यांवर काय होणार, याचा विचार कुणी केलाय का? आपण गतिरोधक टाकणार, चार दिवस नाकाबंदी करणार, फोटो छापणार. ते फोटो मीच छापणार.

म्हणून तीन मागण्या, जाहीरपणे.

एक, महापालिका, पोलिस आयुक्तालय आणि पेठ रोडच्या आरटीओनं मिळून महिन्यातून एक रविवार सकाळी एखादं बंद मैदान किंवा औद्योगिक वसाहतीतली मोकळी जागा द्यावी. कोन, प्रशिक्षक, ॲम्ब्युलन्स, बस्स. वेग नको, ब्रेक आणि वळण शिकवा. लहान मुलांसाठी शहरात ट्रॅफिक पार्क होऊ शकतं, तर मोठ्यांसाठी एवढं का नाही?

दोन, टायर विकणाऱ्यांनी बिलावर टायरचा तारीख-आकडा लिहावा. जुना टायर ‘रेसिंग’ म्हणून विकणाऱ्यांची तपासणी व्हावी.

तीन, अपघाताच्या पंचनाम्यात टायरचं माप, तारीख आणि नक्षी यावी. आणि आम्ही पत्रकारांनी ती छापावी. यापुढे माझ्या बातमीत नुसतं ‘भरधाव’ दिसलं तर मला इथंच धरा.

भाच्याचं काय झालं? मूळ मापाची नवी जोडी घेतली, भारतीय बनावटीची. पाच हजार कमी पडत होते, ते मी दिले. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. सध्या रोज सकाळी तो सावकाश दुगाव फाट्यापर्यंत जाऊन येतो, नवे टायर रुळवायला. पुढच्या महिन्यात कोईमतूरला जाईल. पडला तर शिव्या मी खाईन.

पण परवा रात्री जेवताना त्याला विचारलं, “काय रे, मित्र जेहानला बोलवतात का अजून?” तर म्हणाला, “बोलवतात. पण मामा, आता त्यांचे टायर दिसतात मला.”

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण आधी खाली जाऊन आपल्या पोराच्या गाडीचा मागचा टायर बघून या. टॉर्च घेऊन जा, आकडे बारीक असतात.