गवारीचा डिंक आणि पोलादाचे कवच

पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या मालाला गंज चढला, तर लोखंडाच्या व्यापाऱ्याला ते लगेच दिसते. परंतु पोलादाची एक झीज अशीही आहे, जी माल स्वच्छ करतानाच होते आणि सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तापवून लाटलेल्या पोलादावर ऑक्साइडचा काळसर थर असतो. जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी तो काढण्यासाठी माल हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत बुडवतात. यास पिकलिंग म्हणतात. थर निघाल्यावर आम्ल मात्र थांबत नाही. ते मूळ लोखंडही खाऊ लागते, हायड्रोजन वायू सुटतो, आम्ल वाया जाते आणि मालाचे वजन घटते. हे रोखण्यासाठी आम्लात अल्प प्रमाणात क्षरणरोधक मिसळतात. प्रोपार्जिल अल्कोहोलसारखी रोधके प्रभावी खरी, पण विषारी असल्याने टाकीजवळ राबणाऱ्या माणसाला त्यांची बाधा होऊ शकते.

म्हणूनच संशोधकांचे लक्ष वनस्पतिजन्य पॉलिमरकडे वळले. गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक, म्हणजे ग्वार गम, हा त्यांपैकीच एक. राजस्थानच्या बाजारपेठांत त्याचा मोठा व्यापार चालतो. कार्बन पोलाद आणि सल्फ्युरिक आम्ल यांवरील त्याच्या प्रयोगांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. डिंकाचा रेणू म्हणजे शर्करांची लांब साखळी. तिच्यातील ऑक्सिजनयुक्त गट धातूच्या पृष्ठभागाला धरून राहतात आणि पातळ पापुद्रा तयार होऊन आम्लाला वाट मिळत नाही.

तरीही 'वनस्पतिजन्य' या एका शब्दावर सौदा करणे शहाणपणाचे नाही. आम्ल तापले की हा पापुद्रा सैल होऊ शकतो, आणि उष्ण, तीव्र आम्लात खुद्द डिंकाच्या साखळ्याही तुटतात. प्रयोगशाळेतील यश कारखान्याच्या टाकीत टिकेलच असे नाही.

पडताळणीचा मार्ग मात्र सोपा आहे. एकाच पोलादाच्या दोन सारख्या पट्ट्या तोलाव्यात. एक नुसत्या आम्लात, दुसरी रोधक मिसळलेल्या आम्लात, आपल्या टाकीच्याच तापमानाला, सारखाच वेळ ठेवावी. नंतर धुऊन, वाळवून पुन्हा तोलावे. पहिलीची घट 10 ग्रॅम आणि दुसरीची 1 ग्रॅम भरली, तर संरक्षण 90 टक्के झाले.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा या तराजूवर अधिक विश्वास ठेवावा. त्यात मालाची बचत आहे आणि कामगाराच्या आरोग्याची काळजीही आहे.