मॅकबेथचा अपराध चेटकिणींच्या माथी मारता येईल का?

१/८
वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे (१९५४) मराठी रसिकांना 'मॅकबेथ' परका नाही. मात्र त्याचे नाव निघाले की दोन मते हमखास ऐकू येतात: बिचारा नियतीचा बळी ठरला, किंवा बायकोच्या नादी लागून बुडाला. दोन्ही मते सोयीची आहेत, पण नाटक त्यांना दुजोरा देत नाही. शेक्सपिअरने इतिहासात कोणते फेरफार केले, हे पाहिले की ते उमगते.

२/८
इतिहासातला मॅकबेथ हा अकराव्या शतकातील स्कॉटलंडचा राजा. १०४० मध्ये डंकन राजा त्याच्याविरुद्धच्या लढाईत पडला. अंथरुणात झोपलेला असताना नव्हे. पुढे मॅकबेथने १०५७ पर्यंत राज्य केले. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेलाही जाऊन आला. गादी डळमळीत असलेला राजा इतक्या दूरच्या यात्रेला सहसा निघत नाही.

३/८
शेक्सपिअरचा मुख्य आधार म्हणजे होलिन्शेडची बखर. तिच्यातला डंकन मवाळ आणि कारभारात ढिला आहे. मॅकबेथला गादीवर हक्क सांगण्यास थोडीफार जागा आहे. बँक्वो कटात सामील आहे. शिवाय राजा झाल्यावर मॅकबेथ सुमारे दहा वर्षे न्यायाने राज्य करतो.

४/८
नाटककाराने या सर्व सबबी एकेक करून काढून घेतल्या. डंकन सज्जन झाला, बँक्वो निर्दोष ठरला, सुराज्याची दहा वर्षे गाळली गेली. घरी आलेल्या राजाचा झोपेत खून हा प्रसंग त्याच बखरीतील डफ नावाच्या दुसऱ्या राजाच्या कथेतून उचलला.

५/८
यामागे राजकारण होतेच. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स बँक्वोला आपला पूर्वज मानी. चेटूकविद्येवर त्याने १५९७ मध्ये ग्रंथ लिहिला होता. १६०५ च्या नोव्हेंबरात त्याला संसदेसह सुरुंगाने उडवण्याचा कट उघडकीस आला आणि नाटक साधारण १६०६ मधले. पण केवळ राजाची खुशामत करायची असती, तर मॅकबेथ नुसता खलनायक झाला असता. शेक्सपिअरने त्याला जागी सदसद्विवेकबुद्धी दिली.

६/८
चेटकिणींचे शब्द नीट वाचावेत. तू राजा होशील, एवढेच त्या सांगतात. खुनाचा उच्चारही करीत नाहीत. बँक्वोही तेच भाकीत ऐकतो, त्याच्या वंशालाही राजपदाचे आश्वासन मिळते. मोह त्यालाही होतो, संशय आल्यावरही तो गप्प राहतो, हा त्याचा दोष खरा. तरीही तो खंजीर उपसत नाही. एकच भविष्यवाणी, दोन माणसे, दोन निवडी.

७/८
लेडी मॅकबेथचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. मागे फिरू पाहणाऱ्या नवऱ्याचे पौरुष ती डिवचते. पण बँक्वोच्या खुनाचा बेत तो तिच्यापासून लपवून ठेवतो. मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल करण्याचा निर्णयही सर्वस्वी त्याचाच. तेव्हा तिला दोष देणारा कोण उरतो? ती तर झोपेत चालत, हातांवरचे न दिसणारे रक्त धूत असते.

८/८
सत्ताधीशांच्या इतिहासात 'वेळच तशी होती' आणि 'सल्लागार वाईट होते' ही वाक्ये वारंवार भेटतात. काळाचे भान ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे. त्या भानाचे माफीपत्र करणे हे नव्हे. खुनाआधी मॅकबेथ एकटाच हिशेब मांडतो: डंकन आपला आप्त, आपला राजा, आपला पाहुणा; आणि त्याला मारण्यास महत्त्वाकांक्षेखेरीज दुसरे कारण नाही. आरोपीने स्वतः दिलेली ही कबुली वाचकाने खोडून काढू नये.