आधी अंदाज, मग उत्तर

वर्गमूळ हा शब्द कानी पडला की आपण कला शाखेचे विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकतो. दहावीबरोबर ती पीडा टळली, अशी आपली समजूत. शिवाय खिशात मोबाईल आहेच. मग हाताने वर्गमूळ काढण्याची कटकट हवी कशाला? हा प्रश्न मीही विचारीत असे. माझे मत बदलले ते एका कुंपणामुळे.

आमच्या चार एकरांच्या, जवळजवळ चौरस शेताला काटेरी तार ओढायची होती. शेजारच्या एक एकराच्या चौरस तुकड्याला एका पदरासाठी सुमारे ८३५ फूट तार लागली होती. मी मोबाईलवर चाराने गुणले आणि ३३४० फूट सांगून मोकळा झालो. वडिलांनी विश्वासाने तेवढी तार उधारीवर आणली. कुंपण पुरे झाले आणि निम्मी तार गोठ्यात उरली. वडील काही बोलले नाहीत. मात्र त्यानंतर माझा प्रत्येक हिशेब ते स्वतः पावलांनी मोजून पडताळू लागले. ते मला बोलण्याहून अधिक लागले.

यंत्राचा गुणाकार बरोबरच होता. चुकलो होतो मी. क्षेत्र चौपट झाले की बाजू दुप्पटच होते, कारण बाजू हे क्षेत्राचे वर्गमूळ असते. थोडा अंदाज बांधला असता तर ही चूक तिथल्या तिथे कळली असती.

अंदाज बांधणे अवघड नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस आणि एकरात ४० गुंठे. तेव्हा ४० चे वर्गमूळ हवे. सहा सक छत्तीस, उरले चार. हे चार सहाच्या दुपटीने, म्हणजे बाराने भागले की एक तृतीयांश येतो. उत्तर सहा पूर्णांक एक तृतीयांश; त्याला ३३ ने गुणले की २०९ फूट. बारकाईने काढलेली बाजू २०८.७ फूट आहे! दुपटीने भागायचे, कारण सहाचा चौरस वाढविताना त्याच्या दोन बाजूंना सहा-सहा लांबीच्या पट्ट्या जोडाव्या लागतात. कोपऱ्यातला चिमुकला तुकडा आपण सोडून देतो, म्हणून उत्तर किंचित जास्त येते. शाळेत अंकांच्या जोड्या पाडून जी रीत आपण घोकली, तिच्याही पोटात हाच चौरस दडलेला आहे. आपण तो कधी पाहिलाच नाही.

अंदाजाला कमी लेखण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त नेमके मूळ न निघणाऱ्या संख्यांचे आसन्न, म्हणजे जवळचे, मूळ काढण्याची रीत दिली आहे. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही भुजा सव्वातीन असतील तर कर्ण किती? ते उत्तर देतात, ४ पूर्णांक ४७७/८००. खऱ्या मूल्याशी फरक एक दशसहस्रांशाहूनही कमी! त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे सापडला. हे पाटणे आपल्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, खानदेशच्या बाजूला आहे. हा वारसा काही परका नव्हे.

कोणी म्हणेल, यंत्र असताना हा जुन्याचा हट्ट कशाला? मोबाईल टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. परंतु यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्नच चुकला आहे, हे ते सांगत नाही. आपल्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आणि अर्थशास्त्राच्या संख्याशास्त्रात प्रमाण विचलनाची शेवटची पायरी वर्गमुळाचीच असते. विचलनांच्या वर्गांची सरासरी ५० असेल तर उत्तर सातच्या जरा पुढे हवे. चुकून एक शून्य जास्त दाबले गेले आणि २२ आले, तरी आपण ते निमूटपणे वहीत उतरवतो.

म्हणून प्राध्यापकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. प्रात्यक्षिकाच्या वहीत समासात आधी अंदाज लिहून घ्यावा, मगच यंत्राला हात लावू द्यावा. अंदाज चुकला तर गुण कापू नयेत. लिहिलाच नाही तर मात्र कापावेत. आणि मित्रांनो, सुरुवात आजच करून पाहा. आपल्या शेताचे, नाहीतर घरासमोरच्या अंगणाचे क्षेत्र घ्या, तोंडी बाजू काढा आणि मग पावलांनी मोजा. मी हल्ली वडिलांबरोबर तेच करतो.

— तृतीय वर्ष, कला