कुलूपबंद कपाटाला ग्रंथालय म्हणू नका

सीमाभागातल्या मराठी शाळांना आपण पुस्तकं देतो. गठ्ठा दिला, शाल-श्रीफळ झालं, फोटो ग्रुपवर पडला. पुढं त्या पुस्तकांचं काय झालं हे बघायला कोण परत जातं?

गेलं वर्षभर मी आणि कॉलेजमधले तीन मित्र दर शनिवारी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत जातोय. तिथं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, किल्ली सरांच्या टेबलात. आत जुनी गाईडं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, कुणाच्या तरी माळ्यावरचे दिवाळी अंक. तिसरीतल्या पोराला वाचता येईल असं जवळपास काहीच नाही. घरातली अडगळ शाळेत नेऊन टाकायची आणि त्याला भाषासेवा म्हणायचं!

सरांना दोष देणं सोपं आहे. पण पुस्तक हरवलं की नोंदवहीत कमी दिसणार आणि जाब त्यांना विचारला जाणार. दोन शिक्षकांवर पाच इयत्ता, वर माध्यान्ह आहाराचा हिशोब. अशा माणसाला कुलूपच परवडतं. म्हणून पहिलं काम पुस्तकं आणणं नव्हे, ही भीती काढणं. देणगीतलं पुस्तक वाचताना फाटलं, हरवलं तर शिक्षकाकडून भरपाई नाही, असा ठराव एसडीएमसीत करून घ्या. पुस्तक झिजलं तर ते वाचलं गेलं, यात वाईट काय?

बाकीचं शिकायला पदवी लागत नाही. निरुपयोगी पुस्तकं आधी बाहेर काढा. उरलेली वाचनाच्या पातळीप्रमाणे लावा, प्रत्येक पातळीला एका रंगाची पट्टी. मुखपृष्ठ मुलांना दिसेल असं, त्यांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर ठेवा. देवघेवीची वही पाचवीच्या मुलांकडं द्या, ती चोख सांभाळतात. वेळापत्रकात आठवड्याला एक तास वाचनाचा, आणि त्या तासाला प्रश्नोत्तरं नाहीत. शेल्फवर कन्नड आणि इंग्रजी गोष्टींची पुस्तकंही असू देत. आपलं भांडण सक्तीशी आहे, भाषेशी नाही. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा भरही पुस्तक वापरलं जाण्यावरच आहे.

आता काही जण म्हणतील, हे सरकारचं काम, आपण का करायचं? सरकारचं आहेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं लिहिलंय. वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसकट. ते मागायलाच हवं. पण आपल्या किती निवेदनांत ग्रंथालय हा शब्द येतो? फलक येतात, कागदपत्रं येतात. तेही हवंच. पण मराठी फलक वाचणारी पोरं कुठून येणार?

राज्यशास्त्राच्या वर्गात एक गोष्ट कळली आणि डोक्यातून जाईना. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना अमलात आली, तो आपला काळा दिन. त्याच दिवशी सातव्या घटनादुरुस्तीनं कलम 350अ लागू झालं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. अन्याय आठवायला आपण दरवर्षी काळ्या फिती लावतो. त्याच तारखेला मिळालेल्या या कलमाचं काय केलं?

मराठी शाळा सरकारी आदेशानंच बंद पडते असं नाही. पाठ्यपुस्तकाबाहेर मराठीत वाचायला काहीच नाही असं दिसलं, की आईबाप पोराला दुसरीकडं घालतात. पट घटतो, आणि मग आदेशाला निमित्त मिळतं.

म्हणून येत्या जूनमध्ये गठ्ठे नकोत. एका गावातल्या चार जणांनी एक शाळा घ्यावी, आठवड्याला एक तास द्यावा, वर्षभर. आणि पहिल्या दिवशी फोटो काढायचाच असेल, तर उघड्या कपाटाचा काढा.