गृहकर्जाच्या मंजुरीआधी दोन्ही पर्याय लिहून द्या

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,



नाशिकमधल्या माझ्या घरावर गृहकर्ज आहे. सहा वर्षे मी एकही हप्ता चुकवला नाही. त्याच शाखेतल्या माझ्या बचत खात्यात तेव्हा तीन लाख रुपये पडून होते, आईच्या आजारपणासाठी राखून ठेवलेले. ते कर्जात भरले तर अडीअडचणीला परत मिळणार नाहीत, या भीतीने मी त्यांना हात लावला नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचेही गृहकर्ज असते, हे मला सातव्या वर्षी एका सहकाऱ्याकडून कळले. शाखेत चौकशी केली, तर चालू कर्ज तसे बदलून मिळणार नाही असे उत्तर आले.

या पद्धतीत कर्जाचेच एक खाते असते. त्यात जादा रक्कम ठेवली की ती वजा जाता उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागते, तेही रोजच्या शिलकीवर. गरज पडली की पैसे काढता येतात. पगार तिथे जमा झाला, तर तो खर्च होईपर्यंतचे दिवसही व्याज वाचवतात.

तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर, २० वर्षांची मुदत धरा. हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये व्याजातच जातात. पहिल्या दिवसापासून तीन लाख त्या खात्यात राहिले आणि दर तोच राहिला, तर कर्ज चार वर्षांहून अधिक आधी फिटते आणि व्याजाचे सुमारे साडेदहा लाख वाचतात. तेच तीन लाख बचत खात्यात अडीच टक्क्यांनी वर्षाला फक्त साडेसात हजार देतात.

ही सोय सर्वांसाठी नाही. काही बँका तिच्यासाठी थोडा जास्त दर लावतात. ठेवलेली रक्कम परतफेड धरली जात नसल्याने तिच्यावर मुद्दल-परतफेडीची प्राप्तिकर वजावट मिळत नाही. पैसा हाताशी असला की खर्चही होतो. ज्याच्याकडे शिल्लक टिकत नाही, त्याने साधे कर्जच घ्यावे. पण ही निवड कर्जदाराची असावी, आणि त्यासाठी ती त्याला आधी माहीत असावी.

आपल्या संस्थेने कर्जदाराचे ऐकले आहे. २०१२ मध्ये बदलत्या दराच्या गृहकर्जावरील आगाऊ परतफेडीचा दंड आपण बंद केला. ऑगस्ट २०२३ मध्ये दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याचा हक्क दिलात. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र सक्तीचे केलेत. आता एवढेच करा: ज्या बँकेकडे ओव्हरड्राफ्टची सोय आहे, तिने मंजुरीआधी दोन्ही पर्याय, दर आणि तोट्यांसह, शेजारीशेजारी कर्जदाराच्या भाषेत लिहून द्यावेत. जुन्या कर्जदारालाही ठरावीक शुल्कात बदलाची मुभा असावी.

गेल्या वर्षी आईच्या ऑपरेशनला तेच तीन लाख कामी आले. कर्जखात्यात असते, तरी ते त्याच दिवशी माझ्या हाती आले असते.

आपला नम्र,
एक गृहकर्जदार, नाशिक