डिजिटल छपाई : सोय आणि हिशेब

धंदा म्हटला की छपाई आलीच. पावतीपुस्तके, दरपत्रके, माहितीपत्रके, वेष्टनांवरची लेबले यांवाचून कोणाचे चालत नाही. गावोगावी डिजिटल छपाईच्या पाट्या लागल्यापासून जुनी ऑफसेट पद्धत आता निकामी झाली, असे पुष्कळांना वाटते. मला हे मत पटत नाही. प्रश्न नव्या-जुन्याचा नसून हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबाचे मूळ पदार्थविज्ञानात आहे.

ऑफसेट छपाईसाठी मजकुराची प्लेट करावी लागते. रंगीत चित्राला निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटा लागतात. त्या यंत्रावर चढवून रंग नीट जुळेपर्यंत बरेच कागद वाया जातात. एकदा का रंग जुळले, की हजारो प्रती भराभर निघतात.

डिजिटल छपाईत प्लेटच नसते. तिचा एक प्रकार शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवतो, तर दुसरा स्थिर विद्युतवर चालतो. या दुसऱ्या प्रकाराचा आरंभ २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया येथे झाला. चेस्टर कार्लसन आणि त्यांचे साहाय्यक ओटो कोर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा अंधारात सुती कापडाने घासून विद्युतभारित केला. अक्षरे लिहिलेली काच त्यावर ठेवून प्रकाश पाडला. उजेड पडला तेथील विद्युतभार निघून गेला. अक्षरांच्या सावलीत तो टिकला. वर भुरभुरलेली भुकटी तेवढ्याच जागी चिकटली! आता गंधकाऐवजी प्रकाशसंवेदी थराचा रूळ असतो, बहुतेक यंत्रांत लेसर असतो आणि भुकटीऐवजी टोनर असतो. या तत्त्वावरील रंगीत डिजिटल छपाईयंत्रे १९९३ मध्ये बाजारात आली.

रुळावरचे चित्र दर फेरीला पुसून नव्याने उमटते. म्हणून प्रत्येक प्रत वेगळी काढता येते. हजार पत्रांवर हजार ग्राहकांची नावे छापणे सहज शक्य होते. पण दर वेळी नवे चित्र करायचे म्हणजे दर प्रतीला तितकाच खर्च. येथेच हिशेब सुरू होतो.

समजा, एका दरपत्रकासाठी ऑफसेटचा पूर्वतयारीचा खर्च २,००० रुपये आणि पुढे दर प्रतीला १ रुपया आहे. डिजिटलला तयारीचा खर्च नाही, पण दर प्रतीला ५ रुपये पडतात. १०० प्रतींना ऑफसेट २,१०० रुपये घेईल, डिजिटल ५००. उलट ५,००० प्रतींना ऑफसेटचे ७,००० होतील आणि डिजिटलचे २५,०००! दोन्ही खर्च ५०० प्रतींवर सारखे होतात.

मात्र येथे एक मेख आहे. स्वस्त पडते म्हणून दुकानदाराने १,००० दरपत्रके ऑफसेटवर छापली आणि ३०० वाटून होताच भाव बदलले, तर ७०० प्रती रद्दीत जातील. त्याचे ३,००० रुपये गेले. उपयोगी पडलेली प्रत १० रुपयांना पडली. डिजिटलवर ३०० प्रती १,५०० रुपयांत झाल्या असत्या. म्हणून खर्चाला छापलेल्या प्रतींनी नव्हे, वापरलेल्या प्रतींनी भागावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तोटे आणखीही आहेत. टोनर हे मुख्यतः प्लॅस्टिक. उष्णतेने वितळून ते कागदावर बसते, आणि जाड कागदाची घडी घातली की तेथे तडकते. पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, त्यावरचा विद्युतभार टिकत नाही आणि छपाई फिकी उमटते. प्लेटा न लागल्याने छापणे इतके सोपे झाले आहे की चार दिवसांच्या शुभेच्छांसाठी चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. ते पीव्हीसीचे असतात आणि कुजत नाहीत. हा दोष यंत्राचा नाही, छापून घेणाऱ्याचा आहे.

तालुक्याच्या गावी कर्ज काढून असे यंत्र घेणाऱ्या छापखानदाराने आपल्याकडची कामे शेकड्यांची आहेत की हजारांची, हे आधी वहीत मांडावे. कर्जाचा हप्ता यंत्राच्या नवेपणावर फिटत नाही.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी शाळेच्या वार्षिक अंकासाठी दोन्ही पद्धतींचे दर मागवून प्रतींची संख्या आणि खर्च यांचा आलेख काढावा. दोन रेषा कोठे छेदतात ते पाहावे आणि मगच छपाई ठरवावी.